क्राय (इंग्रजी शब्द)

रडणे या अर्थाचा रोजच्या इंग्रजीतला सगळ्यात नेहमीचा शब्द, नाम आणि क्रियापद दोन्ही. ओरडणं, हाक मारणं, मोठ्याने जाहीर करणं, पशुपक्ष्यांचा आवाज हे त्याचे बाकीचे अर्थ, आणि काळ बघितला तर हे बाकीचेच थोरले आहेत, डोळ्यातलं पाणी त्यात मागून आलं. इंग्रजीत हा शब्द साधारण तेराव्या शतकाच्या मध्यापासून दिसतो आणि तेव्हा त्याचा रोख गयावया करणं, दया मागणं असा होता. 1066 नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचं राज्य आलं, त्यांच्या फ्रेंचमधल्या 'क्रिये' वरून तो इंग्रजीत आला, इथपर्यंत कोणाचा वाद नाही.

वाद आहे तो त्याच्या मागचा. बहुतेक कोश फ्रेंच शब्द लॅटिन 'क्विरीतारे' पर्यंत नेतात, म्हणजे आक्रोश करणं, किंचाळणं. मग हा क्विरीतारे कुठून आला? इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन पंडित व्हॅरो सांगतो की 'क्विरितेस' म्हणजे रोमचे नागरिक, आणि संकटात सापडलेला माणूस त्यांच्या नावाने धावा करतो ते क्विरीतारे. व्युत्पत्ती ऐकायला फार सुंदर आहे आणि शतकानुशतकं लोक ती सांगत आले, पण आजचे बरेच अभ्यासक तिला लोकव्युत्पत्ती, म्हणजे शब्दांच्या साम्यावरून मागाहून जुळवलेली गोष्ट, समजतात. त्यांचं बोट 'क्विर्रितारे' कडे जातं, हा डुकराच्या चीत्कारासाठीचा शब्द, म्हणजे नुसती आवाजाची नक्कल. तिसरा पक्ष जर्मानिक, म्हणजे जर्मन, डच यांच्या भाषाघराण्याकडे बोट दाखवणारा आहे. फ्रान्सवर राज्य केलेल्या फ्रँक या जर्मानिक लोकांच्या भाषेत 'क्रीतान' असं रूप असावं आणि त्याचा फ्रेंच शब्दावर परिणाम झाला असावा, असं हा पक्ष मांडतो. डचमध्ये 'क्राइटन' म्हणजे ओरडणं, जर्मनमध्ये 'क्राइसन' म्हणजे बाळंतकळा सोसणं आणि मुळात कळांनी ओरडणं, दवाखान्यातल्या प्रसूतिगृहाला तिकडे आजही 'क्राइसझाल' म्हणतात.

लॅटिन पक्षाची खरी अडचण उच्चारात आहे. क्विरीतारेचं 'क्रितारे' व्हायचं तर शब्दाच्या अगदी पहिल्या अक्षरातला स्वर गळायला हवा, आणि तसं लॅटिनमध्ये सहसा होत नाही. शिवाय स्पॅनिश 'ग्रितार' मधला त तसाच टिकलाय, नियमाने त्याचा द व्हायला हवा होता, जसा इटालियन 'ग्रिदारे' मध्ये आणि दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सकडच्या 'क्रिदार' मध्ये दिसतो. तरीही पोर्तुगालपासून इटलीपर्यंत सगळीकडे एकाच घराण्यातली रूपं मिळतात, त्यामुळे मूळ लॅटिन आणि जर्मानिकचा फार तर हातभार, हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं. आपल्याकडे कधीकधी क्रायचा संबंध संस्कृत 'क्रन्द्' शी (आक्रंदन मधला) जोडतात, पण मधल्या फ्रेंच-लॅटिन पायऱ्या बघितल्या की ते नुसतं आवाजाचं साम्य ठरतं.

रडण्याचा अर्थ नक्की कधी चिकटला यावर एकमत नाही. कोणी त्याची सुरुवात तेराव्या शतकातच धरतात, कोणी बरीच पुढे, सोळाव्या शतकापर्यंत मात्र तो चांगला रुळलेला दिसतो. ग्रंथांची भाषा नेहमीप्रमाणे मागे राहिली. 1611 च्या इंग्रजी बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढून बघा, 35 व्या वचनात येशू रडतो तिथे 'वेप्ट' आहे आणि 43 व्या वचनात तो मोठ्याने हाक मारून लाजरला कबरीतून बाहेर बोलावतो तिथे 'क्राइड' आहे. एकाच प्रसंगात दोन्ही शब्द, आणि अजिबात सरमिसळ नाही. खुद्द फ्रेंचमध्ये क्रिये म्हणजे आजही ओरडणंच, रडण्याला 'प्लरे' हा वेगळा शब्द आहे, म्हणजे अर्थ सरकला तो इंग्रजीत. आणि ज्या 'वीप' ला क्रायने बोलण्यातून बाजूला सारलं त्याचाही प्रवास असाच झालेला दिसतो, गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतला त्याचा भाऊबंद 'वोप्यान' म्हणजे ओरडणं, हाक मारणं! रडण्याचा आणखी एक जुना शब्द 'ग्रीट' स्कॉटलंडमध्ये अजून चालतो.

जुना अर्थ जोडशब्दांत जिवंत आहे. 'टाउन क्रायर' म्हणजे गावात दवंडी देणारा, हातात घंटा, आणि सुरुवातीला तीनदा 'ओयेज', म्हणजे ऐका हो ऐका. 'ह्यू अँड क्राय' ही इंग्लंडच्या जुन्या कायद्यातली पद्धत, चोर दिसला की आरडाओरडा करायचा आणि ऐकणाऱ्यांनी त्याचा पाठलाग करायचा, 1285 च्या विंचेस्टरच्या कायद्यात तिची तरतूद आहे. 'फार क्राय' म्हणजे लांबचं अंतर, हा वाक्प्रचार स्कॉटलंडकडून आलाय. हाकेवरून अंतर मोजायची रीत आपल्यालाही परकी नाही, कारण आपला 'कोस' संस्कृत 'क्रोश' म्हणजे हाक यावरूनच आलाय.

मुंबईत या घराण्यातला 'आउटक्राय' बराच काळ कामाचा शब्द होता. दलाल स्ट्रीटवरच्या शेअर बाजारात दलाल एकत्र जमून ओरडून आणि हातवारे करून भाव पुकारायचे, त्या पद्धतीला ओपन आउटक्राय म्हणत, 1995 मध्ये तिची जागा कॉम्प्युटरवरच्या व्यवहारांनी घेतली. मुंबईतच 1979 मध्ये सुरू झालेल्या, मुलांसाठी काम करणाऱ्या 'क्राय' संस्थेचं नाव मात्र तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं आहे.