पुपुसा: 'मासा', मक्याचं पीठ आणि कॉर्नफ्लोअर यांचा घोळ

पुपुसा म्हणजे मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाची, सारण भरलेली जाड भाकरी. ती 'मासा'ची करतात, म्हणजे मासळीची नव्हे, चुन्यात शिजवून वाटलेल्या मक्याची. तिथे पुपुसांच्या दुकानात 'रेवुएल्तास' मागितली की आत चीज, घेवड्याचं वाटण आणि चिचारोन असं तिन्ही येतं. हे चिचारोन म्हणजे शिजवून बारीक वाटलेलं डुकराचं मांस. त्यामुळे शाकाहारी पुपुसा ही अलीकडची तडजोड, असा समज झाला आहे. खरं तर डुक्कर आणि गाय दोन्ही तिथे पोचली ती सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. त्याआधी डुकराची चरबी नव्हती आणि गाईच्या दुधाचं चीजही नव्हतं. मका, घेवडा, भोपळा, लोरोको वेलीच्या कळ्या आणि चिपिलीनचा पाला मात्र होता. (चिपिलीन आपल्या तागाच्या कुळातलं.) जुनी पुपुसा पूर्ण शाकाहारीच असे, असा दावा करता येत नाही, पण घेवडा-लोरोकोची पुपुसा कमअस्सल मुळीच नाही.

प्राचीनत्वाबद्दल मात्र जपून बोलावं. इ. स. 600 च्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं होया दे सेरेन हे गाव 1976 मध्ये सापडलं आणि 1993 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे मका, घेवडा, मिरची आणि दळायचे दगडी पाटे मिळाले. त्यावरून पुपुसाचं वय छातीठोकपणे सांगितलं जातं. साहित्य मिळालं म्हणजे पदार्थ मिळाला, असं होत नाही.

घरी पुपुसा बिघडते ती बहुतेक वेळा पिठाच्या नावामुळे. भारतात 'कॉर्नफ्लोअर' म्हणून मिळते ती पांढरी भुकटी म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च, सूप दाट करायची. 'मक्याचं पीठ' म्हणजे कोरडा मका तसाच दळलेला, भाकरीचा. आणि पुपुसाला लागतो तो 'मासा': चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, धुऊन, ओलाच वाटलेला मका. हाच मासा वाळवून केलेलं पीठ म्हणजे 'मासा हरिना'. तिन्ही मक्याचेच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

फरक चुन्याने पडतो. चुना दाण्याच्या सालीतला चिवट भाग विरघळवतो, स्टार्च थोडा फुलवतो आणि त्यातून सुटलेला चिकटपणा कणीक धरून ठेवतो. मक्यात ग्लुटेन नसतं. हा चिकटपणा नसला तर सारण भरून कडा मिटताना पारी चिरते. शिवाय मक्यात अडकून बसलेलं नायसिन (एक ब-जीवनसत्त्व) चुन्यामुळे शरीराला मिळतं. मका युरोपात गेला तेव्हा ही चुन्याची विद्या मागेच राहिली, आणि अठराव्या शतकात स्पेन व उत्तर इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, ग्रासलं. एका पदार्थाची कृती अर्धवट उचलल्याची इतकी मोठी किंमत क्वचितच कुणी मोजली असेल.

घरी करायचं तर 1 किलो वाळलेल्या मक्याला 3 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम खाण्याचा चुना (कोरडी पूड) घ्यावा. रंगकामाचा चुना चुकूनही वापरू नये. भांडं स्टीलचं असावं, कारण चुना ॲल्युमिनियम खातो. मंद आचेवर 30 ते 45 मिनिटं शिजवून दाणा बोटांनी चोळावा. साल सुटली की गॅस बंद. झाकून 8 ते 12 तास ठेवावं, मग तीन-चार पाण्यांत चोळून धुवावं. धुणं कमी पडलं तर मासा पिवळट दिसतो आणि साबणासारखा कडवट लागतो. वाटायला वेट ग्राइंडर बरा. मिक्सरला जास्त पाणी घालावं लागतं आणि कणीक सैल होते. मग थोडं मासा हरिना मिसळूनच ती सावरते.

एवढा खटाटोप आज एल साल्वादोरमध्येही प्रत्येक घरात होत नाही. मासा हरिनाचा कारखाना 1949 मध्ये मेक्सिकोच्या नुएवो लेओन प्रांतात सुरू झाला होता, पण पुपुसाच्या बाबतीत या पिठाला खरं महत्त्व आलं ते एल साल्वादोरच्या 1980 ते 1992 च्या यादवी युद्धात. लाखो लोक देश सोडून गेले. लॉस एंजेलिस आणि वॉशिंग्टनच्या परिसरात पुपुसांची दुकानं उभी राहिली. तिथे ओला मासा हाताशी नसला तरी पिठाची पिशवी होती, आणि आज जगभर फिरणारी पुपुसाची कृती मुख्यतः या पिशवीवरून लिहिलेली आहे. एप्रिल 2005 मध्ये एल साल्वादोरच्या कायदेमंडळाने पुपुसाला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार तिला दिला. राजधानीजवळच्या ओलोकुइल्ता गावात ती तांदळाच्या पिठाचीही करतात; उकडीवर हात बसलेल्यांनी ती जरूर करून पाहावी.

पिशवीच्या पिठाचं प्रमाण असं: 2 कप मासा हरिना (साधारण 240 ग्रॅम), दीड कप कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. मळून ओल्या फडक्याखाली 15 मिनिटं ठेवावं. लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबून पाहावा. कड चिरली तर चमचा-चमचा पाणी वाढवावं, हाताला चिकटला तर थोडं पीठ. एवढ्यात आठ पुपुसा होतात. हाताला तेल-पाणी लावून पुरणपोळीसारखी वाटी करायची, प्रत्येकीत एक मोठा चमचा सारण भरून तोंड मिटायचं आणि लाटणं न घेता दोन्ही तळव्यांवर थापत वीतभराहून लहान, सेंटिमीटरभर जाड करायची. कोरड्या किंवा किंचित तेल लावलेल्या तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूला 4 मिनिटं. तवा कमी तापला तर ती तव्याला धरते.

सारण कोरडं हवं, ही मुख्य अट. लहान राजमा शिजवून, कांदा तेलात परतून त्यात घोटावा. गोळा कढईची कड सोडेपर्यंत आटवावा. बाहेर खाताना विचारून घ्यावं, कारण घेवडा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. नुसतं 'मांस नको' म्हटल्याने ही चरबी सुटत नाही. तिथलं केसियो हे ओढल्यावर तार येणारं चीज. त्याऐवजी मोझरेला किसून, हाताने मळून लगदा करावा, नाहीतर किसाची टोकं पारी फोडतात. चीजसाठी दूध घट्ट करणारं रेनेट प्राण्यांचं असू शकतं, तेव्हा वेष्टन वाचावं. लोरोको भारतात मिळत नाही. भोपळ्याची फुलं किंवा किसून मीठ लावून घट्ट पिळलेली झुकिनी चालते. पिळली नाही तर तव्यावर पाणी सुटून पुपुसा मधोमध फाटते.

सोबतचं कुर्तिदो आदल्या रात्रीच करून ठेवावं: अर्धा किलो बारीक चिरलेल्या कोबीवर उकळतं पाणी ओतून मिनिटभराने निथळायचं, मग एक किसलेलं गाजर, एक कांदा, चमचाभर ओरेगानो, मीठ आणि अर्धा कप व्हिनेगर. कोबी, गाजर आणि व्हिनेगर युरोपातून आले, पण आता याच्याशिवाय पुपुसाचं ताट लागत नाही, आणि खायची तीही हातानेच.