क्रॉफर्ड्सव्हिलची क्रिनॉइड्स: सुटी करायची की दगडातच ठेवायची?

इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिलजवळ, शुगर क्रीकच्या कड्यांत, सुमारे 34 कोटी वर्षांपूर्वीची क्रिनॉइड्स (फुलासारखे दिसणारे, तारामाशांच्या नात्यातले समुद्री प्राणी) देठ, कप म्हणजे शरीराचा पेल्यासारखा भाग, आणि बाहूंसकट मिळतात. एरवी सांगाड्याच्या चकत्या जोडणारे बंध कुजले की या प्राण्याचा सांगाडा आठवड्या-दोन आठवड्यांत विस्कटतो. इथे त्रिभुज प्रदेशातल्या गाळाने त्याआधीच सगळे झाकून टाकले.

पहिला शोध 1842 च्या सुमारास एका शाळकरी मुलाने लावला असे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कडे खणून नमुने विकण्याचा धंदा जोरात चालला आणि सुटी करायची की दगडातच ठेवायची, हा वाद तिथेच पेरला गेला. प्रजातीचे वर्णन कपाच्या चकत्यांच्या मांडणीवरून व्हायचे, त्यामुळे सगळ्या बाजूंनी दिसणारा सुटा कप हवा असे. भोवतीचा सिल्टस्टोन, म्हणजे बारीक गाळाचा दगड, सुईने कोरता येण्याइतका मऊ. मग बाहू आणि देठ गेले तरी चालत. त्यांच्याबरोबर प्राणी प्रवाहात कोणत्या दिशेला आडवा झाला, शेजारी कोण होते, हेही गेले. शिवाय चिठ्ठीवर नुसते 'क्रॉफर्ड्सव्हिल'. नमुना तिथल्या कोणत्या जागेचा, कोरीज ब्लफचा की इंडियन क्रीकचा, हे आज कळायला मार्ग नाही, आणि चकत्यांच्या अभ्यासातून मिळालेल्या फायद्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे.

हवेच्या झोताने भुकटी मारण्याची यंत्रे आल्यावर जीवाश्म सुटा न करता पाटीवरच, म्हणजे दगडाच्या सपाट तुकड्यावरच, काम करणे सोपे झाले. जीवाश्म ज्या खनिजाचा असतो त्या कॅल्साइटचा कठीणपणा मोहस मापनावर 3, खायच्या सोड्याच्या भुकटीचा साधारण 2.5, डोलोमाइट या खनिजाच्या भुकटीचा 3.5 ते 4. म्हणून डोलोमाइट जीवाश्मापासून दूरचा दगड उडवायला वापरतात, जीवाश्म दिसू लागला की सोडा. घाई केली तर चकत्यांवरची नक्षी सर्वांत आधी झिजते. हवेत ओल असेल तर सोड्याच्या गुठळ्या होऊन नळीचे तोंड तुंबते, म्हणून कॉम्प्रेसरला पाणी गाळणारा फिल्टर लागतो. आम्लाचा तर विचारही नको: गाळाआधी कॅल्साइटच विरघळेल. भेगांत पातळ सुपरग्लू सोडतात, पण दगड फुटला तर आधी दोन्ही तुकडे जपून ठेवावेत. बाहूंची टोके बहुधा उलट बाजूच्या तुकड्यात राहतात.

हल्ली पाट्यांनाच भाव आहे, त्यामुळे दुसरी गडबड सुरू झाली. एका प्राण्याचा कप, दुसऱ्याचा देठ, वेगळ्या पाट्यांवरून उचलून एकत्र चिकटवतात. सांध्याजवळ दगडाचा पोत एकदम बदलला, किंवा अतिनील दिव्याखाली डिंक चमकला, तर संशय घ्यावा.