उद्यानाचे वर्गीकरण (नागपूर)

नागपुरातील एखादी मोकळी जागा कायद्याच्या लेखी बाग आहे, खेळाचे मैदान आहे की लेआऊटमधली (भूखंड पाडून वसवलेल्या वस्तीतली) नुसती खुली जागा, हे ठरवण्याची आणि बदलण्याची प्रक्रिया. तेथे काय बांधता येईल आणि रहिवाशांची हरकत कोणापुढे चालेल, हे त्या वर्गावरून ठरते. फाटकावरची पाटी हा पुरावा नव्हे. कस्तुरचंद पार्क नावाने पार्क, वापराने मैदान आणि वारसा यादीत पहिल्या श्रेणीचे स्थळ आहे. तेथे कुदळ मारण्याआधी वारसा संवर्धन समितीचा प्रश्न येतो.

जागा कोणाची, हे आधी पाहावे लागते. महाराजबाग कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, तर सेमिनरी हिल्सवरचे बालोद्यान आणि जपानी गार्डन वनविभागाकडे आहेत. त्यांच्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज देऊन उपयोग नाही. वस्त्यांमधल्या बहुतेक बागा महापालिकेच्या किंवा 1936 च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र). नासुप्रच्या अनेक बागा पुढे महापालिकेकडे गेल्या. अशा ठिकाणी ताबा एका कार्यालयाकडे आणि मूळ मंजूर नकाशा दुसऱ्याकडे असू शकतो, म्हणून दोन्हीकडे विचारलेले बरे.

वर्ग येतो तो दोन कागदांतून. एक शहराचा विकास आराखडा. सुधारित आराखडा 2000 आणि 2001 मध्ये टप्प्याटप्प्याने मंजूर झाला. त्यात ‘उद्यान’ आणि ‘खेळाचे मैदान’ ही वेगवेगळी आरक्षणे (ठरावीक कामासाठी राखलेल्या जागा) आहेत. दुसरा कागद मंजूर लेआऊटचा. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. तिच्याशेजारी बहुधा सार्वजनिक उपयोगाची जागा असते, नागपुरी बोलीत ‘पीयू लँड’. गफलत इथेच होते. पीयूवर शाळा किंवा दवाखाना येऊ शकतो. वर्षानुवर्षे तेथे झाडे लावली, बाके टाकली तरी कागदावर ती बाग होत नाही.

खुल्या जागेवरही थोडे बांधकाम चालते, आणि भांडणे त्यावरूनच होतात. डिसेंबर 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे वाचनालय, व्यायामशाळा, योग केंद्र यांसारख्या कामांसाठी एकूण 15 टक्के बांधकाम करता येते, त्यातले तळमजल्यावर 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे 2,000 चौरस मीटरच्या जागेत एकूण 300, खाली जास्तीत जास्त 200. समाजभवनाचा प्रस्ताव आला की आधी हा गुणाकार करावा. प्रस्ताव न येता होणारे बांधकाम मात्र नकाशावर दिसतच नाही: कोपऱ्यात आधी ओटा, मग चार खांबांवर टिनाचे शेड, मग कळस.

हरकतीची तयारी आखीव पत्रिकेपासून (मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड) होते. मौजा (महसुली गाव), खसरा (जमिनीचा भूमापन) क्रमांक आणि शीट क्रमांक घेऊन ती काढावी आणि नगररचना विभागातून भाग नकाशा (विकास आराखड्याचा त्या जागेपुरता उतारा) घ्यावा. पत्रिकेवर ‘नझूल’ असेल तर जमीन शासनाची असते आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडेही जावे लागते. लेआऊटचा नकाशा मिळत नसेल तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात मागावा. अर्जात ‘आमच्या कॉलनीतली बाग’ असे लिहू नये, खसरा लिहावा. नंतर टेप घेऊन जागेवर जावे. नकाशावरची 30 मीटरची बाजू जमिनीवर 27 भरली, तर उरलेले 3 मीटर कोणाच्या कुंपणात गेले ते तिथेच कळते.

आरक्षण बदलायचे तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 चा मार्ग आहे. महापालिकेच्या सभेचा ठराव होतो (मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर हे अधिकार काही काळ प्रशासकाकडे होते), राजपत्रात सूचना निघते, हरकतींना एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि प्रस्ताव शासनाकडे जातो. ठराव झाला की वर्ग बदलला, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. शासनाची मंजुरी अधिसूचित होईपर्यंत जुनाच वर्ग लागू असतो. संपूर्ण आराखड्याच्या सुधारणेत हरकती कलम 26 खाली 30 दिवसांत द्यायच्या असतात आणि नियोजन समिती त्या ऐकते.

एकच मजकूर शंभर सह्यांनी दिला तरी सुनावणीत तो एकच मुद्दा ठरतो. त्यापेक्षा दहा जणांनी दहा गोष्टी मांडाव्यात: मोजणी, झाडांची संख्या, पावसाचे पाणी कोठे मुरते, जवळची दुसरी बाग किती लांब. केंद्राच्या 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 5,000 लोकवस्तीला अर्ध्या हेक्टरची आणि 15,000 ला 1 हेक्टरची बाग धरली आहे. आपल्या प्रभागाचा हिशेब त्याच्याशी लावून दाखवता येतो. बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येत नाही, हा बंगळुरूच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा निकालही उपयोगी पडतो.

खासगी जमिनीवरच्या आरक्षणात वेळ रहिवाशांच्या विरुद्ध धावतो. दहा वर्षांत संपादन झाले नाही तर मालक कलम 127 खाली खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. 2000 मध्ये लागू झालेल्या आरक्षणांची दहा वर्षे 2010 मध्येच भरली. ही सूचना मालक आणि प्राधिकरण यांच्यातली असल्याने शेजाऱ्यांना तिचा पत्ता लागत नाही. अशी सूचना आली आहे का, हे माहिती अधिकारात अधूनमधून विचारत राहावे लागते. लेआऊटमधल्या खुल्या जागेला हे कलम लागू नाही.