झिरोशी वळणात का भिडू नये: एका नियमामागचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक युद्धाच्या विमान-सिम्युलेटरमध्ये वाइल्डकॅट हे अमेरिकी लढाऊ विमान घेऊन उतरणाऱ्या नवख्याला पहिला सल्ला मिळतो तो हाच. मागे झिरो हे जपानी लढाऊ विमान आले की स्टिक (विमान वळवायचा दांडा) पोटाशी ओढून वळायचे नाही. कारण मात्र फार कमी जण सांगतात.

मूळ आहे वजनात. १९३७ साली जपानी नौदलाने लांब पल्ला आणि चपळाई दोन्ही मागितले. इंजिन मिळाले ते हजार अश्वशक्तीच्या आतले. झिरोचे रचनाकार होरिकोशी जिरो यांनी जमेल तिथून वजन खरवडले. वैमानिकामागचे चिलखत आणि गोळी लागल्यावर आपोआप बुजणाऱ्या इंधन टाक्या त्यातच गेल्या. लढाईसाठी भरलेले ए६एम२ (झिरोचे सुरुवातीचे मॉडेल) सुमारे २,४०० किलोचे, तर एफ४एफ-४ वाइल्डकॅट ३,६०० किलोचे. पंखाच्या दर चौरस मीटरवर झिरोचा भार १०७ किलोच्या आसपास, वाइल्डकॅटचा १५०. कमी वेगाच्या वळणात आणि चढाईत निकाल तिथेच झिरोच्या बाजूने लागतो.

उत्तर शोधले अमेरिकी नौदलाचे वैमानिक जॉन थॅच यांनी, तेही १९४१ मध्ये, झिरो कुणाच्या हाती लागण्याआधी. गुप्तवार्ता अहवालातले आकडे वाचून त्यांनी टेबलावर काड्या मांडल्या. मग प्रत्यक्ष उड्डाणात बचाव करणाऱ्यांचा थ्रॉटल (इंजिनची ताकद) मर्यादित ठेवून सहकारी वैमानिक ‘बुच’ ओहेअर यांना पूर्ण ताकदीने हल्ला करायला लावले. यातून ‘थॅच वीव्ह’ ही चाल निघाली.

दोन विमाने शेजारी-शेजारी उडतात, मध्ये साधारण एका वळणाच्या व्यासाइतके अंतर. डावीकडच्याच्या शेपटीवर झिरो आला की उजवीकडचा त्याच्या दिशेने वळतो. ते वळण हाच इशारा, रेडिओची गरज नाही. डावीकडचाही आत वळतो, दोघे एकमेकांना ओलांडतात आणि पाठलाग करणारा झिरो जोडीदाराच्या सहा हाफ-इंची मशीनगनसमोर येतो. फसते ते बहुधा अंतरावर: फार जवळ असाल तर नेम धरायला वेळ उरत नाही, फार लांब असाल तर मदत उशिरा पोहोचते. दुसरी चूक म्हणजे ओलांडल्यावरही वळत राहणे. वेग संपतो आणि झिरोला हवी तशी लढाई सुरू होते.

४ जून १९४२ ला मिडवे येथे थॅच यांनी ही चाल लढाईत वापरली. त्याच दिवशी अलास्कातील डच हार्बरवरच्या हल्ल्यात तेलाची नळी फुटलेला एक झिरो अकुतान बेटावरच्या दलदलीत उतरताना उलटला. वैमानिक कोगा मरण पावला, विमान मात्र जवळजवळ शाबूत राहिले. सॅन दिएगोत ते दुरुस्त झाले आणि सप्टेंबरपासून अमेरिकी नौदलाचे वैमानिक एडी सँडर्स यांनी उडवून पाहिले. (वाइल्डकॅटनंतरचे अमेरिकी लढाऊ विमान हेलकॅट हे या झिरोचा अभ्यास करून बनवले, ही निव्वळ दंतकथा. हेलकॅटचे पहिले उड्डाण २६ जून १९४२ चे, हा झिरो सापडला जुलैत.)

सँडर्स यांना आढळले की २०० नॉटच्या वर, म्हणजे ताशी ३७० किमी वेगापुढे, एलरॉन (विमान कलते करणाऱ्या पंखांवरच्या झडपा) जड होऊन गोठल्यासारखे होतात, आणि उजवीकडे रोल करणे, म्हणजे त्या बाजूला कलणे, डावीकडच्यापेक्षा अवघड जाते. इंधन पुरवणारा कार्ब्युरेटर फ्लोटचा असल्याने ऋण जी लागताच, म्हणजे नाक झटकन खाली दाबून वजन उलट वर ढकलले जाताच, इंजिन खोकते.

सिममधला सुटकेचा डाव यावरूनच आला. स्टिक पुढे ढकलायची, फुल थ्रॉटलवर सूर मारायचा, २०० नॉट ओलांडले की झटकन उजवीकडे रोल करून दिशा बदलायची. यासाठी खाली उंची शिल्लक हवी. लाटांवर असताना हा डाव नाहीच. सूर मारल्यावर लगेच वर खेचू नका, चढाईत झिरो पुन्हा गाठतो. लांबूनच मारा करत असेल तर फार धास्ती नको: ए६एम२च्या प्रत्येक २० मिमी तोफेत फक्त ६० गोळे असतात, ते सातेक सेकंदांत संपतात.

आपल्या सिममध्ये हे कितपत उतरले आहे ते तपासणे सोपे आहे. ३,००० मीटरवर झिरो घ्या, १६० आणि २६० नॉटवर दोन्ही बाजूंना पूर्ण रोल करा आणि घड्याळ लावा. चारही रोलना सारखाच वेळ लागला तर तिथे उजव्या रोलवर विसंबू नका.