मेथाडोन उपचारासाठी नोंदणी : पात्रता, कागदपत्रं आणि पहिले दोन आठवडे

हेरॉइन, अफू, मॉर्फिन किंवा ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणाऱ्या) तीव्र वेदनाशामक गोळ्यांशिवाय दिवस निघत नसेल, तर मेथाडोनच्या देखभाल उपचारासाठी नाव नोंदवता येतं. दिवसातून एकदा, बहुधा परिचारिकेसमोर, हे पातळ औषध प्यायचं असतं. ते टर्की (नशा बंद केल्यावर होणारा शारीरिक त्रास) थांबवतं, ओढ कमी करतं आणि डोस नीट बसला की गुंगीही आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २००५ पासून आहे. पण प्रमाण चुकलं तर हेच औषध श्वास बंद पाडतं. नोंदणीच्या वेळी इतकी चौकशी होते ती त्यासाठी.

कोण पात्र

ओपिऑइड अवलंबित्वाचं निदान डॉक्टरांनी करावं लागतं. वापरावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, प्रमाण वाढत जाणं, बंद केल्यावर अंग मोडून येणं, जुलाब, घाम, झोप उडणं ही लक्षणं पाहिली जातात. नुसता कधीमधी वापर असेल तर मेथाडोन देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वयाची अट बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण अशी असते. गरोदर स्त्रीला मात्र थांबवून ठेवू नये. तिने एकदम सगळं बंद केलं तर गर्भाला धोका असतो, म्हणून तिला प्राधान्य मिळायला हवं. एचआयव्ही, हेपटायटिस सी किंवा क्षयरोग आहे म्हणून कुणी अपात्र ठरत नाही. दम्याचा तीव्र झटका, आतड्यांची हालचाल थांबणं किंवा मेथाडोनची ॲलर्जी असेल तर औषध सुरू करत नाहीत.

काय न्यायचं

छायाचित्र असलेलं ओळखपत्र, जुन्या उपचारांचे कागद आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं. पत्त्याचा पुरावा नसेल तर घरी परतू नका. सामाजिक कार्यकर्त्याचं किंवा निवारा केंद्राचं पत्र चालेल का ते विचारा.

दुसऱ्या केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून येत असाल, तर सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे शेवटच्या डोसचं पत्र : किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेला, समोर पाजला की घरी दिला. हे पत्र नसेल तर कोणताही जबाबदार डॉक्टर तुमच्या तोंडी सांगण्यावर ९० मिलिग्रॅम देणार नाही. तो पुन्हा तळापासून सुरुवात करेल आणि तुमचे काही दिवस त्रासात जातील. सुटका किंवा डिस्चार्जच्या आधीच पत्र मागून घ्या.

तपासणी

लघवीची चाचणी, यकृताची रक्ततपासणी, आणि हृदयाचा त्रास किंवा घरात अचानक मृत्यूचा इतिहास असेल तर ईसीजी. मेथाडोनमुळे ईसीजीतला क्यूटी कालावधी (हृदयाला आकुंचन पावून पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबू शकतो. तो ५०० मिलिसेकंदांवर गेला तर डोसचा फेरविचार करतात. दारू आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल खरं सांगा. मेथाडोनसोबत याच दोन गोष्टी सर्वाधिक घातक ठरतात. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं कार्बामाझेपिन चालू असेल तर मेथाडोन शरीरातून लवकर निघून जातं आणि टर्की परत येते. दोष रुग्णाचा नसतो, डोस वाढवावा लागतो.

त्यानंतर संमतीपत्र. सही करण्याआधी डोस चुकल्यास काय, माहिती कुणाला दिली जाईल, हे वाचून घ्या.

पहिले दोन आठवडे

सुरुवात साधारण २० ते ३० मिलिग्रॅमने होते. परिणाम २ ते ४ तासांत शिगेला पोचतो, पण औषध शरीरात दिवसभराहून जास्त राहतं. त्यामुळे तोच डोस रोज घेतला तरी रक्तातलं प्रमाण पहिले काही दिवस चढतच जातं. सोमवारी कमी वाटलेला डोस गुरुवारी जास्त होऊ शकतो. "आज पुरलं नाही" म्हणून वरून हेरॉइन किंवा गोळी घेणारे इथेच दगावतात. पुरत नसेल तर केंद्रावर सांगा, डोस टप्प्याटप्प्याने वाढतो. बहुतेकांना शेवटी ६० ते १२० मिलिग्रॅम लागतात. ३० वरच वर्षभर अडकवून ठेवणं हा अर्धवट उपचार आहे, आणि तो फसतो.

सलग ३ दिवस डोस चुकला तर जुना डोस थेट घेऊ नये. सहनशक्ती उतरलेली असते, म्हणून डॉक्टर तपासून तो कमी करतात; ५ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर बहुधा नव्याने सुरुवात होते.

घरी नेण्याचे डोस आणि प्रवास

प्रकृती स्थिर झाल्यावर काही डोस घरी मिळू शकतात. नियम प्रत्येक देशाचे वेगळे. परदेशी जाताना डॉक्टरांचं पत्र, मूळ प्रिस्क्रिप्शन आणि त्या देशाची परवानगी आधी घ्यावी लागते, कारण काही देशांत मेथाडोन बाळगणंच गुन्हा आहे. नोकरीसाठी लघवीची तपासणी होणार असेल तर उपचाराचं प्रमाणपत्र जवळ ठेवा.

घरचे डोस मूळ बाटलीत, कुलुपात ठेवा. मोठ्या माणसाचा एक डोस लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. केंद्राकडून नॅलोक्सोन (ओपिऑइडचा अतिडोस उतरवणारं औषध) मागून घ्या आणि घरातल्या माणसाला ते द्यायला शिकवा. मेथाडोनचा परिणाम नॅलोक्सोनपेक्षा जास्त काळ टिकतो, म्हणून शुद्ध आली तरी रुग्णाला रुग्णालयात न्यायचंच.