‘कॅल’ म्हणजे नेमके काय? घरगुती आरएफ (रेडिओ-वारंवारता) मोजयंत्रांची पार्श्वभूमी

खिशात मावणारा नॅनो-व्हीएनए, म्हणजे अँटेना आणि रेडिओची सर्किटे तपासणारे छोटे मोजयंत्र, आता कित्येक हॅमच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) टेबलावर दिसतो. त्याच्या मेनूत ‘कॅल’, म्हणजे कॅलिब्रेशन, नावाचा एक पर्याय आहे. अँटेनाच्या आकड्यांवरून होणारे बरेच वाद शेवटी याच शब्दापाशी येऊन अडकतात. एक म्हणतो, “कॅल केलंय, म्हणजे आकडा बरोबर.” दुसरा विचारतो, “कशाशी ताडून कॅल केलंस?” दोघेही प्रामाणिक असतात, पण शब्द एकच असला तरी अर्थ दोन आहेत. हा गुंता यंत्राबरोबर आलेला नाही. घरी मोजयंत्रे बांधण्याच्या इतिहासातच तो वाढत गेला.

सुरुवातीची पद्धत सगळ्यात निर्मळ होती. दोन समांतर तारा ताणायच्या, ट्रान्समीटरची ऊर्जा त्यांत सोडायची आणि लहानसा दिवा तारांवरून सरकवत कुठे उजळतो ते पाहायचे. लागोपाठच्या दोन जागांमधले अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. १४४ मेगाहर्ट्झला ते साधारण १.०४ मीटर भरते. इथे प्रमाण म्हणजे हातातली मोजपट्टी, त्यामुळे कॅलिब्रेशनचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१९२०च्या दशकात ग्रिड-डिप मीटर आले आणि तबकडीवर खुणा करायची वेळ आली. ऑसिलेटरची (संकेत निर्माण करणाऱ्या सर्किटची) कॉइल दुसऱ्या ट्यून्ड सर्किटजवळ (एका ठरावीक वारंवारतेला जुळणाऱ्या सर्किटजवळ) नेली की जुळलेल्या वारंवारतेला व्हॉल्व्हच्या ग्रिड या भागातला प्रवाह खाली बसतो, काटा झुकतो, हाच ‘डिप’. पुढे व्हॉल्व्हची जागा एफईटी या ट्रान्झिस्टरने घेतली, ग्रिड उरलीच नाही, तरी नाव तेच राहिले. कॅलिब्रेशनला ‘अंशांकन’ म्हणतात ते या यंत्राला अगदी शब्दशः लागू होते: माहीत असलेली वारंवारता रिसीव्हरवर पकडायची आणि तबकडीच्या कागदावर पेन्सिलीने रेघ मारायची. कॉइल फार जवळ नेली तर ऑसिलेटरच हलतो, म्हणून जुने लोक डिप सापडल्यावर कॉइल मागे घेत आणि वारंवारता रिसीव्हरवर पुन्हा पाहत.

ती ‘माहीत असलेली वारंवारता’ आपल्याकडे कुठून येत असे? दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात निघालेल्या लष्करी सामानातून बीसी-२२१ हा वारंवारता मापक हौशी मंडळींच्या हाती आला. १२५ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ असा त्याचा पल्ला आणि आत १ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (वारंवारता स्थिर ठेवणारा स्फटिक). त्याच्याबरोबर एक पुस्तक येई, आणि ते त्याच एका नगासाठी मोजून भरलेले असे. पुस्तक हरवले की त्या सुंदर डायलला काही अर्थ उरत नसे, दुसऱ्या नगाचे पुस्तक चालत नसे. अंशांकन यंत्रात नसते, यंत्र आणि नोंद यांच्या नात्यात असते, हे मला त्या पुस्तकाइतके स्पष्ट दुसऱ्या कशातूनही कळले नाही.

शिवाय दिल्लीहून ‘एटीए’ या संकेतनावाने १० मेगाहर्ट्झवर प्रमाणवेळेचा संकेत येई. १९८२ला रंगीत टीव्ही आल्यावर ४.४३ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळू लागले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत फेरी मारून आलेल्या माणसाच्या पिशवीत त्यातला एखादा असायचाच. १९८४ मध्ये हॅम उपकरणांवरचे आयात शुल्क माफ झाले, त्यामुळे तयार ट्रान्सीव्हर (संकेत पाठवणारे आणि पकडणारे संच) येऊ लागले. मोजयंत्रे मात्र बहुतेकांनी घरीच बांधली.

वारंवारता मोजणे म्हणजे मोजणीच, ते त्या मानाने सोपे. शक्ती मोजणे अवघड होते. ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध), एक डायोड आणि मल्टिमीटर एवढ्यावर बरीच वर्षे निघाली, पण लहान संकेताला डायोड फसवतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एडी८३०७ ही लॉगॅरिदमिक (संकेताची पातळी डेसिबलच्या प्रमाणात देणारी) चिप आली आणि माझ्या मते घरगुती मोजमापातले खरे वळण ते होते. ५०० मेगाहर्ट्झपर्यंत, सुमारे ९२ डेसिबलचा पल्ला, दर डेसिबलला २५ मिलिव्होल्ट. तांब्याच्या बोर्डाचे तुकडे जोडून केलेल्या डबीत ही चिप बसवली की मिलिवॅटच्या कोट्यांश भागापर्यंतचा संकेत साध्या मल्टिमीटरवर वाचता येतो. तिला फक्त दोन ज्ञात बिंदू दाखवावे लागतात. त्यासाठी क्रिस्टल ऑसिलेटर बांधायचा आणि ऑसिलोस्कोपवर पाहून ५० ओहमवर ०.६३२ व्होल्ट शिखर-ते-शिखर मिळेपर्यंत जुळवायचा, की झाला एक मिलिवॅट. हा पहिला बिंदू. मधे संकेत तेवढाच कमी करणारा १० किंवा २० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर घातला की दुसरा. इथवर कॅलिब्रेशन म्हणजे ‘ज्ञात वस्तूशी ताडणे’ हा अर्थ शाबूत होता, आणि ती ज्ञात वस्तू आपणच घडवत होतो.

आपल्याच देशात हैदराबादच्या एका हॅमने नळाच्या नायलॉनच्या वायसरवर कॉइल गुंडाळून ट्रान्सीव्हर बांधला आणि त्याचा आराखडा जगभर पसरला. पुढे त्याच्याच टेबलावरून ही चिप, संगणकाने ताब्यात ठेवलेला ऑसिलेटर आणि आर्डुइनो हा छोटा संगणक-बोर्ड यांचे स्वस्त मोजयंत्रही आले. ते फक्त परिमाण मोजे, फेज (लहर किती पुढे-मागे आहे ते) नाही. पण फिल्टरची वक्ररेषा डोळ्यांसमोर उमटताना पाहिल्यावर ज्याला पुन्हा अंदाजाने ट्रिमर फिरवावासा वाटेल असा माणूस मला भेटलेला नाही.

मग नॅनो-व्हीएनए. २०१६च्या सुमारास जपानमधल्या एका हौशी अभियंत्याने त्याचा आराखडा खुला केला. घटक नेहमीचेच: घड्याळाचे संकेत देणारी चिप, तीन मिक्सर, ध्वनीसाठी बनवलेला कोडेक आणि छोटा मायक्रोकंट्रोलर. ३०० मेगाहर्ट्झपर्यंत मूळ संकेत, त्यापुढे त्याचेच हार्मॉनिक (त्याच्या पटीतल्या वारंवारता) वापरून ९०० मेगाहर्ट्झपर्यंत. २०१९ मध्ये चीनमध्ये त्याचे मोठ्या संख्येने उत्पादन सुरू झाले आणि किंमत ५० डॉलरच्या आसपास आली.

याच यंत्राने ‘कॅल’चा अर्थ पालटला. शॉर्ट (टोके जोडलेला), ओपन (टोके मोकळी असलेला) आणि लोड (५० ओहमचा रोध) हे तीन तुकडे क्रमाने लावायचे, बटण दाबायचे. यंत्राच्या आतल्या ब्रिजची (परतलेला संकेत वेगळा करणाऱ्या सर्किटची) गळती, त्याच्या तोंडाची अपुरी जुळणी आणि वारंवारतेप्रमाणे बदलणारी संवेदनशीलता अशा तीन अज्ञात चुका असतात. तीन ज्ञात तुकडे लावले की प्रत्येक वारंवारतेला तीन समीकरणे मिळतात आणि चुका वजा करता येतात. गणित निर्दोष आहे. पण त्याला कॅलिब्रेशन म्हणणे मला पटत नाही, ‘त्रुटी-सुधार’ म्हणणे जास्त खरे ठरेल. प्रयोगशाळेत कॅलिब्रेशन म्हणजे राष्ट्रीय मानकापर्यंत पोचणारी, प्रत्येक कडीची अनिश्चितता लिहिलेली साखळी. इथे ती साखळी बोटाच्या पेराएवढ्या लोडपाशी संपते.

तो लोड ५० ऐवजी ५५ ओहमचा असेल तर? यंत्र ५५लाच ‘उत्तम’ म्हणेल. ५५ ओहमची अँटेना लावली की आलेख तळाला जाईल, प्रत्यक्षात तिचा रिटर्न लॉस (परतणारा संकेत पाठवलेल्यापेक्षा किती कमी ते) फक्त २६ डेसिबल आहे. ५१ ओहमचा लोड असेल तर साधारण ४० डेसिबलपर्यंतच विश्वास ठेवता येतो. ४५ डेसिबल दिसले म्हणून आनंद मानणाऱ्याने आधी आपला लोड मोजावा. अँटेनासाठी २६ डेसिबल भरपूर आहेत हे मान्य. पण ब्रिज बांधताना किंवा फिल्टर जुळवताना हा फरक हाती येणाऱ्या वस्तूत उतरतो.

दुसरा घोटाळा जागेचा. यंत्राच्या तोंडाशी कॅल करून पुढे लांब केबल लावली, तर मोजली जाते केबलसह अँटेना. जाताना ३ आणि येताना ३ डेसिबल खाणाऱ्या केबलच्या टोकाला काहीही जोडलेले नसले, तरी एसडब्ल्यूआर (जुळणी सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) ३ दिसतो. म्हणजे जुनी, पाणी शिरलेली केबल आकडा सुधारून दाखवते. तिन्ही तुकडे केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला लावून कॅल केले, तरच मोजमाप तिथून सुरू होते.

२०२० नंतर कोणत्या वारंवारतेला किती संकेत आहे ते दाखवणारे तळहाताएवढे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरही आले. ते आपल्याच एका तोंडातला ठरावीक संकेत दुसऱ्या तोंडाला देऊन पातळी जुळवतात आणि त्यालाही ‘कॅल’च म्हणतात. तो आतला संकेत खरोखर किती आहे हे पाहायला मी एडी८३०७ची जुनी डबी लावतो.

लोड मात्र आजही घरी करता येतो. एसएमए या छोट्या कनेक्टरच्या मागे एक टक्का अचूकतेचे १०० ओहमचे दोन चिप रोधक, मधल्या पिनेपासून दोन्ही बाजूंच्या जमिनीकडे, पाय न ठेवता सोल्डर केलेले. चार तारांच्या मल्टिमीटरने त्याचा डीसी रोध पाहायचा आणि तो आकडा लोडवरच चिकटपट्टी लावून लिहायचा. माझ्या लोडवर ४९.९ असे लिहिले आहे, खाली तारीख.