तेलविहिरींच्या जाळ्याला कोणते गणित लावायचे?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या स्वयंपाकघरात नळीने येणारा गॅस शेगडीपाशी पोचतो तेव्हा त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम 21 मिलीबारने जास्त असतो, म्हणजे सुमारे 2 टक्के. एवढ्याने वायूची घनता फारशी बदलत नाही. त्यामुळे एवढ्या कमी दाबाच्या नळ्यांचे गणित, म्हणजे कुठे किती दाब आणि किती प्रवाह याचा हिशोब, पाण्याच्या नळाइतके सोपे राहते.

अंकलेश्वरला, जिथे 1960 साली तेल सापडले, हे गणित चालत नाही. विहिरीच्या फ्लोलाइनमधून, म्हणजे विहिरीपासून निघणाऱ्या नळीतून, तेल, वायू आणि पाणी एकत्र येतात. दाब उतरेल तसा तेलातून वायू सुटतो. वायू पुढे पळतो, द्रव मागे रेंगाळतो. नळीचा किती भाग द्रवाने अडवला आहे, म्हणजे होल्डअप किती, यावरच सगळे अवलंबून.

होल्डअप आणि दाबातली घट काढायला 1973 चे बेग्ज-ब्रिल सूत्र आजही सर्रास वापरतात. ते बेतले गेले 1 आणि दीड इंची, 90 फूट लांब नळ्यांत, हवा आणि पाणी वापरून. नळीच्या कोणत्याही उताराला ते लागू पडते, हा मोठा गुण. पण मेहसाण्याचे घट्ट तेल म्हणजे पाणी नव्हे. तिथे प्रवाहाच्या भौतिकीवर उभी केलेली मॉडेल्स जास्त भरवशाची, आणि तापमानाचा हिशोब तर हवाच.

साध्या तेलाला ब्लॅक ऑइल नावाचे ढोबळ वर्णन पुरते: घनता, गॅस-ऑइल रेशो (तेलामागे किती वायू), पाण्याचा अंश. कंडेन्सेट (वायूतून सुटणारे हलके तेल) असेल तर प्रत्येक रासायनिक घटकाचा वेगळा हिशोब करा.

कोणती विहीर कोणत्या हेडरला (अनेक विहिरींच्या सामाईक नळीला) जोडावी, याला स्थिर मॉडेल, म्हणजे प्रवाह काळानुसार बदलत नाही असे धरणारे, पुरेसे आहे. स्लगिंगला, म्हणजे द्रवाचे लोंढे येण्याला, मात्र नाही. खोलगट भागात द्रव साचतो, वायूची वाट अडते, मागे दाब चढतो आणि मग सगळा द्रव एकदम जीजीएसच्या (विहिरींचे तेल गोळा करणाऱ्या केंद्राच्या) सेपरेटरवर, म्हणजे तेल, वायू आणि पाणी वेगळे करणाऱ्या टाकीवर, आदळतो. स्थिर मॉडेल सरासरी काढते आणि सगळे ठीक दाखवते. इथे, आणि बंद लाइन पुन्हा सुरू करतानाही, काळानुसार बदलणारेच मॉडेल लागते.

सर्वांत घातक चूक मॉडेल प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी जुळवताना होते. नवागामसारख्या मेणयुक्त तेलाच्या लाइनमध्ये, आतला व्यास 100 मिमी असताना, भिंतीवर 5 मिमी मेण साचले तर व्यास 90 मिमी उरतो. घर्षणतोटा व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो, म्हणून तेवढ्याच प्रवाहाला तो सुमारे 1.7 पट होतो. मॉडेल जुळत नाही म्हणून कोणी घर्षणाचा गुणकच 1.7 करून टाकतो. पुढे पिग (नळी आतून खरवडणारे साधन) फिरवून मेण काढले की तेच मॉडेल खोटे बोलू लागते. म्हणून आधी प्रेशर गेज तपासा, मग टेस्ट सेपरेटरचे (एकेका विहिरीचा प्रवाह मोजणाऱ्या सेपरेटरचे) आकडे, मग लाइनचे चढउतार आणि खरा व्यास. गुणकाला हात सर्वांत शेवटी.